काळ्या माशांची ताटली

आमच्या गावात भांडायची पद्धत नाही. कुणी घरावर नांगर फिरवायला आला, तरी आधी त्याला चहा विचारतात. असल्या सभ्य माणसांत जन्म काढणं माझ्या सासूबाईंच्या, कार्सितींच्या नशिबी आलं.

सासूबाई मासे वाळवतात. जावा बेटाचा किनारा, बांबूच्या चटया, त्यावर खारवलेले मासे. शेजारी कोळशावर वीज करणारी कंपनी आली आणि चटयांवर काळी पूड बसू लागली. धुवा, वाळवा, पुन्हा काळे. व्यापारी नाक मुरडून परत जातो. त्यात आता दुसरं धुराडं येणार होतं, नेमकं त्यांच्या वाळवणाच्या जागेवर.

पहिल्या धुराड्याच्या वेळी कंपनीने गावाला स्लामतान दिलं होतं. सगळ्यांनी एकत्र बसायचं, दुआ मागायची, पिवळा भात खायचा आणि जाताना बरकतीची टोपली घरी न्यायची. या जेवणाचं आमंत्रण नाकारलं तर पिढ्यान् पिढ्यांचं वैर. सगळे गेले, जेवले, आणि लगेच पेपरात फोटो आला: गावाने आशीर्वाद दिला. म्हणजे जेवलात की कबूल.

या वेळी पुन्हा तेच आमंत्रण आलं, तशा सासूबाई दारोदार फिरल्या. "त्यांच्या पंगतीला बसू नका. बसलात की माझी जागा गेली, आणि तुमची हवाही."

"खरंय बू, अगदी खरंय," आईला म्हणावं तसं बू म्हणत घरोघरी माना डोलल्या. आणि त्याच घरांतून ठेवणीतले सारोंग इस्त्रीला निघाले. यांच्यापेक्षा नंदीबैल बरे, ते निदान विचारल्यावरच मान हलवतात.

सरपंच दार्मो तर घरीच आले. "बू, येऊन बसा हो. अन्नाला नाही म्हणू नये. लोक काय म्हणतील?"

"लोक नुसते खोकतात, दार्मो. म्हणतात कुठे काय? पण येते मी. रिकाम्या हाताने नाही यायची."

आमच्यात शेजारणीही आपापला एक पदार्थ आणतात, आणि मुख्य पाहुण्याने प्रत्येकीचा चाखायचा असतो. कंपनीचे हेंड्रावानसाहेब जाकार्ताहून आले होते. बाटिकचा शर्ट इतका नवा की घड्या मोडलेल्या नव्हत्या. दुआ झाली. साहेब एकेक घास घेत होते, वा वा म्हणत होते, कॅमेरेवाला टिपत होता. सासूबाईंनी ताटली पुढे ठेवली.

"हे काय आहे?"

"मासे, साहेब. तुमच्या धुराड्याखालचे. पाहुण्यांपासून काय लपवायचं म्हणून न धुताच भाजलेत."

साहेबांनी एक मासा उचलला, बोटं काळी झाली, मासा परत ठेवला. "बाई, माझं पोट जरा बरं नाही."

"आत्तापर्यंत तर बरं होतं."

दार्मो कंपनीचे मिंधे, पण सवय कुठे जाते? कळवळून म्हणाले, "साहेब, एक घास घ्या. आमच्यात नाही म्हणत नाहीत."

साहेबांनी ताटली बाजूला सारली. "हे माणसाने खायच्या लायकीचं नाही."

मग दुआ मागणारे म्हातारे मोदिन उठले, टोपली तिथेच ठेवून चालू लागले. मागोमाग सगळे. छातीत कोळसा गेला तेव्हा हे गाव ढिम्म हललं नव्हतं, ताटली सारली तेव्हा हललं. याचा आनंद मानावा की लाज वाटून घ्यावी, मला अजून कळलेलं नाही.

भरलेल्या टोपल्या कंपनीने ट्रकमधून परत नेल्या. रिकाम्या पंगतीचा फोटो कोण छापणार? धुराड्याचं काम तूर्त थांबलंय. शहाण्याने त्यावर विसंबू नये.

सासूबाई ताटली घेऊन घरी आल्या. मासे धुतले, मिरचीत परतले आणि आमच्या पानात वाढले. आम्ही खाल्ले. रोज तेच खातो.