पहिल्या नंबरचा दवाखाना

“तुह्या मायले तिथं नेशील का?”

आमच्या साहेबांचा हा प्रश्न ठरलेला. सरकारी दवाखान्यांची कामगिरी मोजणारं मॉडेल भंडाऱ्याच्या आमच्या कार्यालयात त्यांनीच बसवलं होतं. यादी निघाली की चष्मा कपाळावर चढवून ते पहिल्या नावावर बोट ठेवत आणि माझ्याकडे बघत. मी “हो साहेब” म्हटल्याशिवाय यादी वर जात नसे. आकड्यांना इतका जीव लावणारा माणूस तुम्हीही एखादा पाहिला असेल.

एकदा घरी हे सांगितलं, तर आई भडकली. “साहेबाले म्हण, आपल्या बायकोले नेऊन पाह्य ना!” दुसऱ्या दिवशी हे ऐकून साहेब पोट धरून हसले.

मॉडेल तसं सरळ होतं. रोगी किती गंभीर, वय किती, हे धरून मृत्यूंचा अंदाज काढायचा. प्रत्यक्षात त्याहून कमी झाले, की दवाखाना यादीत वर. मोजायचे मात्र दवाखान्याच्या आतले मृत्यू.

गेल्या वर्षी साहेब आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, बपेऱ्याला काकूंच्या भावाकडे गेले होते. जेवता जेवता काकूंच्या छातीत कळ आली. सगळे जवळच्या दवाखान्यात चला म्हणत होते. साहेबांनी गाडी आपल्या यादीतल्या पहिल्या दवाखान्याकडे घ्यायला लावली, जरा लांब असूनही. तिथे दारातच चिठ्ठी मिळाली, भंडाऱ्याला न्या. काकू रुग्णवाहिकेत, वाटेतच गेल्या.

तिथे मृत्यू कमी का, ते तेव्हा कळलं. अवघड रोगी ते पुढे पाठवत, आणि वाटेवरचं मरण कुणाच्याच नावावर चढत नसे. काकूंचंही चढलं नाही.

तेरवी उरकून साहेब कामावर आले आणि मॉडेल उसवायला बसले. वाटेवरचं मरण पाठवणाऱ्याच्या नावावर धरायचं, यासाठी ते वरिष्ठांशी भांडले. इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. शेवटी मान्य झालं. नव्या यादीत तो दवाखाना तळाला गेला आणि त्या दिवशी साहेबांनी सोडलेला, बपेऱ्याजवळचा, पहिला आला.

साहेब त्या नावाकडे बघत राहिले. “इथं नेलं असतं तर वाचली असती का रे ते?”

“मॉडेल एका रोग्याचं सांगत नाही, साहेब.” त्यांनीच शिकवलेलं वाक्य. बोलताना मला स्वतःचीच चीड आली.

“हो. मीच तर शिकवलं तुले,” म्हणत त्यांनी चष्मा डबीत ठेवला.

मुदतीआधीच ते निवृत्त झाले. आता यादी मी काढतो. पहिल्या नावावर बोट ठेवतो. विचारणारं कुणी नसतं, तरी मी “हो साहेब” म्हणायला जातो, आणि बोट तिथेच ठेवून त्या दवाखान्याने पुढे पाठवलेले रोगी पुन्हा एकदा मोजतो.