निगडीत आणि निगडित

निगडीची पाटी लावलेली बस समोरून गेली की मला सदाशिव पेठेतला तो वर्ग आठवतो. बंद खिडक्या, घामाचा आणि मार्कर पेनचा मिसळलेला वास, आणि वाशीमहून स्पर्धा परीक्षेसाठी नुकतीच आलेली मी. निबंधात मी लिहिलं होतं, ‘शेती आणि पाणी एकमेकांशी निगडीत आहेत.’ सरांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. "अहो मॅडम, पिंपरीच्या पुढे निगडीत पाणी येतं हे ठाऊक होतं. शेती कधी सुरू झाली तिथे?" सगळा वर्ग हसला. मग फळ्यावर लिहीत म्हणाले, "जोडलेलं या अर्थी डि ऱ्हस्व. निगड म्हणजे बेडी, त्यावरून निगडित. गावाकडे शिकवत नाहीत वाटतं." त्या दिवसापासून मेसमध्येही मला निगडी म्हणू लागले. मी क्लास सोडला, खोलीत एकटीने अभ्यास केला आणि पास झाले. लगेच क्लासच्या फ्लेक्सवर माझा फोटो झळकला, सत्काराचं आमंत्रणही आलं. मी मुद्दाम गेले. गळ्यात हार पडल्यावर माइक घेतला आणि सरांकडे बघत सावकाश म्हणाले, "माझं यश या क्लासशी निगडित नाही. डि ऱ्हस्व." पुढच्या रांगेतले पालक एकमेकांकडे बघू लागले. सर हसल्यासारखं करत पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवरचा माझा चेहरा तेवढा ब्लेडने कापलेला होता. त्या भोकाकडे बघत मी समोरच्या टपरीवर निवांत चहा घेतला. गुरूला माफ करावं, असं लोक आज मला सांगतात. मी नुसती मान हलवते. तितका गोड चहा मला पुण्यात पुन्हा मिळालेला नाही.