पोटातल्या पोराची पाळी

लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून शहापूरहून डोळखांबकडे जाणारी मोटार कोळशाच्या गॅसवर चालत होती. चालत होती म्हणणं हा तिचा गौरवच. चढ आला की आम्ही उतारू खाली उतरून तिला ढकलत होतो. भाडं देऊन वर हमाली! डोळखांबला पोचेपर्यंत माझं धोतर आणि तोंड एकाच रंगाचं झालं होतं.

तिथून डोंगराकडच्या एका पाड्यावर पायी गेलो. कार्तिकातलं भात पिकून वाकलं होतं, पण निम्मी खाचरं पड होती आणि त्यांत गवत माजलं होतं. पाड्यात शिरल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. नवखा माणूस दिसला की पोरांचं लेंढार मागे लागतं. इथे माझ्यामागे एकही पोर नव्हतं.

कान्हूबाबा नावाच्या म्हाताऱ्याच्या ओसरीवर नाचणीची भाकर आणि सुकट (वाळवलेली मासळी) मिळाली. वाढणारी त्यांची सून मंजुळा, दिवस भरत आलेली. तिने हंड्याला हात लावला की शेजारच्या म्हाताऱ्या ओरडत, "ठेव गो, ठेव!" पाड्यात कितीतरी वर्षांनी पाळणा हलणार होता. तरुण माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, मागोमाग बायकाही गेल्या. इथे जन्मलेली पोरं हिवतापाने नेली.

"रानडुकरं कळपानं येत्यात," कान्हूबाबा म्हणाले. "राखन पाळीपाळीनं. पन मानसंच नाय, म्हनून खालची शेतं सोडली. आता वरचीबी जातील."

जेवणानंतर ते मला माच (राखणीचं मचाण) दाखवायला निघाले. वाटेत वाघोबाच्या दगडापुढे गोटे मांडलेले होते. राखणीला जाणाऱ्या प्रत्येकाचा एक. पाळी झाली की तो मागे सरकवायचा. सगळ्यांच्या शेवटी एक लहानसा गोटा होता.

"हा कोणाचा?"

"मंजुळेच्या पोटातल्याचा."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. "ह्याचा गोटा हाय म्हनून म्हातारे माचावर चढत्यात, दादा. नायतर कोनासाठी राखायचं?"

देशाच्या संरक्षणावर मी रोज वर्तमानपत्रात रकानेच्या रकाने वाचत होतो. इथला देश म्हणजे चार खाचरं, आणि फौज खोकणाऱ्या म्हाताऱ्यांची. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मंजुळेचा नवरा गोमा मुंबईहून आला, तिला न्यायलाच.

"बाळंतपन हितंच होऊ दे," कान्हूबाबा विनवत होते.

"बाबा, ताप आला तर हितं कोन हाय?" गोमा ऐकेना.

अख्खा पाडा त्यांना पोचवायला शेवटच्या बांधापर्यंत आला.

परतीच्या मोटारीत दोघं माझ्यासमोरच बसली होती. इतक्या सहज निघाली म्हणून मला मनातून मंजुळेचा रागच आला होता. शेवटी राहवेना. "पोराला घेऊन परत येशील ना, बाई? म्हातारे वाट बघतील."

डोळे पुसून ती म्हणाली, "माझा जीव तितंच हाय, दादा. पन तो खेळल कोनासंगं? एकलं पोर म्हाताऱ्यांत कसं वाढायचं?"

शहापूरला आमच्या वाटा वेगळ्या झाल्या.

घरी आल्यापासून लोक विचारतात, तिकडे काय पाहिलंत? डोंगर सुरेख आहेत, एवढंच मी सांगतो. त्या पाड्याला एक पोर हवं होतं आणि त्या पोराला सवंगडी. दोघांचंही खरं होतं, म्हणूनच वरची शेतंही आता डुकरांची होणार.