परबची गाडी किती देते?

जुनी मोटरसायकल पाळणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात. प्लगवर कार्बन आणि तोंडात किस्से. कार्बन निदान खरवडून काढता येतो. किस्से काढायला बसलं, की आणखी चार निघतात.

आमचा अड्डा म्हणजे कांदिवलीत आमच्या सोसायटीला लागून असलेल्या गल्लीतलं रफिकभाईचं गॅरेज. रविवारी सकाळी आम्ही तिघे तिथे हजर असतो. मी विम्याच्या ऑफिसात आहे. कर्णिक बँकेत आहे. परब साकीनाक्याला एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो आणि रोज इथून तिथे गाडीनेच जातो. तिघांच्याही गाड्या कार्बोरेटरवाल्या. सिग्नलला शेजारी उभी राहिलेली पोरं आमच्याकडे बघून, "अंकल, ही अजून चालते?" असं अगदी प्रेमाने विचारतात.

तर मागच्या महिन्यात परबची गाडी ठेवायची की भंगारात काढायची, असा प्रश्न उभा राहिला. उभा केला परबवहिनींनी. ती गोष्ट सांगायचीच आहे, पण त्याआधीचं थोडं ठाऊक हवं.

*

पहिलं म्हणजे, आमच्यात "किती देते?" या प्रश्नाला कोणीही खरं उत्तर देत नाही. ॲव्हरेज सांगताना सभ्य माणसंही सुटतात. कर्णिक साठ सांगतो. मग मला पासष्ट सांगावं लागतं. परब आकड्यांच्या भानगडीतच पडत नाही.

"माझी गाडी पेट्रोल पिणा नाय रे," तो म्हणतो. "नुसतो वास घेता."

रफिकभाई एकदा हातातला पाना खाली न ठेवता म्हणाला, "आदमी खुद की उमर कम बताता है और गाडी का ॲव्हरेज ज्यादा. दोनों टाइम मैं मुंडी हिलाता हूँ."

*

कर्णिकचं ॲव्हरेज म्हणजे व्रत आहे. सिग्नलला गाडी बंद. मागे कोणाला बसवायचं नाही. फ्लायओव्हर चढून माथ्यावर पोचला, की इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये खाली. मी एकदा त्याच्या बाजूने चाललो होतो. माझ्या शेजारून हा माणूस भुतासारखा आवाज न करता गेला.

खाली हवालदार उभाच होता. त्याने कर्णिकला बाजूला घेतलं.

"इंजिन बंद करून उतरताय? आणि वेळेवर ब्रेक लागला नसता म्हणजे?"

"ब्रेक मी शक्यतो मारतच नाही," कर्णिक शांतपणे म्हणाला. "ॲव्हरेज पडतं."

हवालदाराने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चलन फाडायला घेतलं. कर्णिक अजून म्हणतो की त्या माणसाला शास्त्रच कळत नव्हतं.

*

कर्णिकला हसतोय, पण माझंही सांगायला हवं. कार्बोरेटर घरीच साफ करायचा, अशी एकदा मला हुक्की आली. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून मी तो उघडला. आत पितळेचा जेट असतो, शेंगदाण्याएवढा, मधोमध केसासारखं भोक. पेट्रोल त्यातूनच इंजिनात जातं, त्यामुळे तिथे कचरा अडकला की खेळ खलास. हा जेट हरवू नये म्हणून मी तो सर्वांत सुरक्षित जागी ठेवला, देवघरात, पितळेच्या छोट्या ताटलीत.

दुसऱ्या दिवशी दसरा होता.

सकाळी मी कार्बोरेटर जोडून गाडीला हार घातला आणि किक मारली. मग मारतच राहिलो. अख्खी सोसायटी नटूनथटून निघाली आणि मी घामाघूम होऊन गाडी ढकलत रफिकभाईकडे. त्याने जेट काढून उजेडाकडे धरला, भोकात बारीक तार घातली, आणि तारेच्या टोकाला लालपिवळं काहीतरी आलं.

घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, "तूच देवापुढे ठेवलंस ना? मला वाटलं तुझं हत्यार. हळदकुंकू वाहिलं."

रफिकभाईला हे सांगितलं, तेव्हा तो तार पुसत म्हणाला, "माँ को बोलो, पूजा बाहर से करने की. अंदर से मैं करता हूँ."

*

आता परब. परबचं घर आमच्याच सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी त्याची गाडी डेअरीच्या कोपऱ्यावर वळली, की तिचा धडधड आवाज वर ऐकू जातो आणि वहिनी चहाचं आधण ठेवतात. परब गाडी लावून जिने चढून दारात पोचतो, तेव्हा चहा कपात ओतलेला असतो. लग्न झाल्यापासूनची ही पद्धत. त्यासाठी फोन नाही, मेसेज नाही.

एकदा रफिकभाईने मनावर घेऊन त्या गाडीचं ट्यूनिंग केलं. पेट्रोलमध्ये हवा किती मिसळायची ते ठरवणारा एअर स्क्रू नीट बसवला, उभ्या गाडीचं आयडलिंग उतरवलं. गाडी अशी मऊ चालायला लागली की परब स्वतःच दोनदा वाकून ती चालू आहे का ते बघत होता. ॲव्हरेजही झकास मिळायला लागलं.

त्या संध्याकाळी परब घरी पोचला तर दार बंद. बेल वाजवली. वहिनींनी दार उघडलं, आणि गॅसवर काहीच नव्हतं.

"कोपऱ्यावर गाडी आली ती ऐकली मी," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, दुसऱ्या कोणाची."

पुढच्या रविवारी परब सगळ्यांच्या आधी गॅरेजात. "रफिकभाई, ता पयल्यासारखा कर."

"पहले जैसा मतलब? खराब?"

"व्हय."

रफिकभाईने स्क्रू पूर्वीच्या जागी फिरवला. गाडी पुन्हा धडधडायला लागली आणि पेट्रोल पुन्हा घटाघटा प्यायला लागली. "लोग बनाने को लाते हैं," रफिकभाई मला हळूच म्हणाला. "ये पहला आदमी, बिगाडने को लाया." घरी मात्र परब यातलं अक्षर बोलला नाही.

*

जे व्हायचं ते सांताक्रूझला झालं. भाच्याच्या लग्नाला दोघं निघाली होती. वहिनी पैठणीत. हॉल पुढच्या वळणावर आणि गाडी बंद पडली. पेट्रोल संपलं, तर रिझर्व्हवर टाकायची, हे कोणीही सांगेल. पण वाकून टाकीखालचा पेट्रोलचा कॉक फिरवायचा कंटाळा म्हणून परबने तो कायमचाच रिझर्व्हवर ठेवलेला. म्हणजे रिझर्व्ह आधीच संपलेलं.

मग त्याने आपल्याकडे सगळे करतात तेच केलं. टाकीच्या कोपऱ्यात उरलेलं पेट्रोल कार्बोरेटरकडे यावं म्हणून गाडी कडेला आडवी घातली. बघणाऱ्याला काय दिसलं? रस्त्यात आडवी मोटरसायकल, वाकलेला माणूस, आणि पैठणी नेसलेली बाई डोक्याला हात लावून उभी.

माणसं धावली. वहिनींना एका दुकानाच्या पायरीवर बसवलं, पाणी दिलं, एक बाई वारा घालायला लागली. परब खालून ओरडतोय, "अहो काय झाला नाय. पेट्रोल खाली आणतंय." कोणी लक्ष देईना.

"तुम्ही सांगितलं नाही त्यांना, अपघात नाही म्हणून?" मी नंतर वहिनींना विचारलं.

"कशाला?" वहिनी म्हणाल्या. "पाण्याची मला खरंच गरज होती."

आणि त्याच रात्री त्यांनी निकाल दिला. गाडी पेट्रोल पिते, वेळेला दगा देते, आता ती काढायची. परबचा चेहरा इतका पडला की आम्हाला मध्ये पडावं लागलं. शेवटी असं ठरलं की बाटली लावून बघायचं. टाकीचा पाइप काढून कार्बोरेटरला पेट्रोलची छोटी बाटली जोडायची. तेवढ्या पेट्रोलवर गाडी सोसायटीच्या गेटपासून चारकोप नाक्यापर्यंत जाऊन गेटपर्यंत परत आली, तर राहील. नाहीतर भंगारवाला.

"आणि मागे मी बसणार," वहिनी म्हणाल्या. "आम्ही रोज जशी चालवतो तशीच चालवायची."

*

त्या रविवारी परब काही न खाता आला. वजन कमी व्हावं म्हणून. कर्णिकने आरसे, साइड बॅग आणि साडी अडकू नये म्हणून लावलेली जाळीसुद्धा काढायला लावली. जाळी वहिनींनी परत लावून घेतली. बाटलीत पेट्रोल कुठवर भरायचं याची खूण करायला काही सापडेना, तेव्हा वहिनींनी कपाळावरची टिकली काढून बाटलीवर चिकटवली. रफिकभाईने बरोबर तिथवर पेट्रोल ओतलं आणि बाटली हँडलला बांधली.

मग तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "परबभाई, दो मिनट का काम है. स्क्रू सही जगह पे करता हूँ, आराम से पहुँचेगी."

"आणि आवाज?"

"आवाज तो जाएगा."

परबने हँडलवरचा हात काढला नाही. "मगे नको. हिका ऐकाक येणा नाय."

"गाडी जाएगी, भाई."

"जाव दे. आवाज ऱ्हाव दे."

वहिनी मागेच उभ्या होत्या, पदर सावरत. परबला त्या तिथे आहेत हे ठाऊक होतं की नाही, देव जाणे. त्या मागे बसल्या, गाडी धडधडत निघाली. मी आणि कर्णिक माझ्या गाडीवरून त्यांच्या मागे.

चारकोप नाक्यापर्यंत ठीक गेली. परत फिरली तेव्हा बाटलीचा तळ दिसत होता. कर्णिक मागून ओरडून सल्ले देत होता, "गिअर वरचा ठेव रे, ब्रेक मारू नको." डेअरीच्या कोपऱ्यावर गाडी वळली, दोनदा अडखळली आणि थांबली. समोर गेट दिसत होतं.

परबने गाडी आडवी केली नाही. हेल्मेट काढून आरशाच्या रिकाम्या दांड्याला अडकवलं आणि टाकीवरून हात फिरवला. "संपला," तो म्हणाला. त्याच्याकडे बघवेना.

वहिनी उतरल्या. बाटली हलवून बघितली. कोरडी होती. मग त्यांनी पदर कमरेला खोचला, मागे गेल्या, आणि दोन्ही हात कॅरिअरवर टेकून गाडी ढकलायला लागल्या.

"अगो, काय करतंस?"

"हँडल सरळ धरा."

आम्ही पुढे झालो, तर त्यांनी मानेनेच आम्हाला लांब राहायला सांगितलं. परब सीटवर बसूनच होता. पाय कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. वॉचमनने गेट उघडलं. पुढचं चाक आत गेलं, मग मागचं गेलं.

वहिनींनी हात झाडले. बाटलीवरची टिकली काढून परत कपाळावर लावली आणि आमच्याकडे वळल्या.

"इली मां गाडी गेटपर्यंत? चला वर, चहा टाकते."