कललेली जीप

यादोराव कापगत्यांची जीप एकोडी ते साकोली धावते. सकाळी कॉलेजची पोरं, दुपारी बाजार करणाऱ्या बाया, संध्याकाळी कामावरून परतणारी माणसं. दिवसभर गाडीत गर्दी असते, पण ती मागे. समोर स्टेअरिंगवर यादोराव, आणि त्यांचा स्वभाव पहिल्यापासून कमी बोलण्याचा. बायको गोदावरीबाई होत्या तेव्हा घरातलं बोलणं त्याच बोलत. त्या गेल्या आणि घरातला आवाजच गेला. तलावाखालची धानाची बांधी यादोरावांनी शेजारच्या मंगरूला बटईनं, अर्ध्या वाट्यावर दिली, जीप तेवढी स्वतःकडे ठेवली.

एकुलता मुलगा निकेश पुण्यात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. त्याचा फोन रविवारी यायचा. जेवण झालं का, बीपीची गोळी घेतली का, बरं ठेवतो. यादोराव दोन्हीला "हाव" म्हणायचे आणि फोन संपायचा. आपण होऊन त्यांनी कधी लावला नाही. पोरगा कामात असेल, उगाच कायले.

या दिवाळीला निकेश आला नाही, कंपनीत सुट्टी मिळाली नाही म्हणाला. त्याच्याऐवजी एक जड खोका आला. आत समोरच्या चाकांसाठी नव्या स्प्रिंगांची जोडी, लालभडक. जुन्या स्प्रिंगा बसल्या होत्या, गाडी भरली की खड्ड्यात खालून धाडकन लागायची, हे यादोराव मागं कधीतरी बोलले होते. पोरानं ते लक्षात ठेवलं. यादोरावांनी खोका दोन दिवस खाटेजवळ ठेवला, मग साकोलीला सचिनच्या गॅरेजात नेला.

सचिननं संध्याकाळी डाव्या बाजूची स्प्रिंग बसवली. तेवढ्यात लाइन गेली, म्हणून उजवी दुसऱ्या दिवशी झाली. गाडी बाहेर काढली आणि यादोराव पाहतच राहिले. जीप उजवीकडे कलली होती. खांद्यावर पोतं घेतलेला माणूस उभा राहतो तशी.

"नवीन आहे काका, चालवा, बसते हळूहळू," सचिन म्हणाला.

यादोरावांनी चालवली. बसली नाही. फाट्यावरची माणसं हसायची. कोणी विचारायचं, जीप पिऊन आली का आज? कॉलेजातली रक्षा नावाची पोरगी रोज उजव्या खिडकीशी बसायची, ती डावीकडे बसू लागली. "तिकडं पडल्यासारखं वाटते काका," ती म्हणाली. यादोरावांना ते लागलं. पोरानं पाठवलेली वस्तू, आणि लोक हसून राहिले.

रविवारी निकेशनं विचारलं, "स्प्रिंगा कशा आहेत?"

यादोराव आधी चांगल्या आहेत म्हणणार होते. पण तोंडातून खरं निघालं. "गाडी कलून राहिली रे बाबू. उजवीकडं."

मग निकेशचा आवाजच बदलला. किती कलली? रिकामी असताना की भरल्यावर? टायरमध्ये हवा सारखी आहे का? यादोरावांना उत्तरं देता देता धाप लागली. फोन ठेवल्यावर त्यांना कळलं की पोरगा आपल्याशी एवढा वेळ कितीतरी दिवसांत बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, फोन आला. मंगळवारीही आला.

निकेश सांगायचा आणि यादोराव करायचे. ग्रामपंचायतीसमोरच्या सिमेंटच्या अंगणात, जिथं जमीन सपाट, तिथं जीप उभी करायची. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या काठापर्यंत टेपनं मोजायचं, दोन्हीकडे. मोजताना टेपचं एक टोक धरायला कोणी नसायचं, तेव्हा यादोराव ते गुडघ्यानं दाबून धरायचे. उजवी बाजू दोन बोटं खाली होती. मग निकेश म्हणाला, स्प्रिंगा अदलाबदल करा. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. स्प्रिंग खराब असेल त कल दुसरीकडं जाईल. सचिननं कुरकुरत तेही केलं. कल होता तिथंच राहिला.

"म्हणजे स्प्रिंग चांगली आहे," निकेश म्हणाला. त्याला बरं वाटल्याचं आवाजात ऐकू आलं. "मी विचारतो इथं कोणाले."

मोजमापाचं बोलणं झालं की फोन लगेच ठेवला जात नसे. एकदा यादोरावांना पलीकडे ताटाचा आवाज आला.

"जेवून राहिला का?"

"हाव. डब्बा आहे मेसचा."

"सोबत कोण आहे?"

"कोणी नाही बाबा. रूमवरचे दोघं सोडून गेले. मी एकटाच राहतो आता."

"कधीपासून?"

"झाले दोन-तीन महिने."

तिकडं पोरगा एकटा जेवत होता, इकडं चुलीपुढं तेही एकटेच. आणि पोराचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

उत्तर निकेशच्या कंपनीतल्या एका म्हाताऱ्या फिटरनं दिलं. चाकामागच्या आडव्या आर्मच्या सांध्यात रबरी कडी असतात, बुश म्हणतात त्यांना. गाडी जॅकवर, चाक हवेत लोंबत असताना त्यांचे बोल्ट कसले, तर रबर त्याच जागी पिळून बसतं आणि ती बाजू खाली येऊ देत नाही. सचिनला विचारलं तेव्हा त्यानं डोकं खाजवलं. डावीकडचे बोल्ट त्यानं चाक हवेत असतानाच कसले होते, घाईत. अदलाबदल केली तेव्हाही तसंच. उजवीकडचे मात्र गाडी खाली टेकवल्यावर. म्हणजे उजवी बाजू दबली नव्हती, डावीच वर अडकून होती.

गाडी चारी चाकांवर उभी करून सचिन खाली शिरला. बोल्ट ढिले केले. यादोरावांनी बोनेटवर दोन्ही हात टेकून गाडी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. रबर कुरकुरलं आणि डावी बाजू हळूच खाली आली. तशीच उभी असताना बोल्ट कसले. टेप लावली. दोन्हीकडे सारखं.

यादोराव एकोडीला परतले ते गाणं गुणगुणत. संध्याकाळी फोन वाजला तेव्हा मात्र हात थबकला.

"काय झालं बाबा? निघाला का कल?"

"थोडासा आहे अजून," यादोराव म्हणाले.

असं ते आणखी काही दिवस म्हणत राहिले. निकेश नवनवीन काहीतरी सुचवायचा, ते ऐकून घ्यायचे. दारात सरळ उभी असलेली जीप पाहिली की त्यांना ओशाळल्यासारखं व्हायचं. उद्या सांगू म्हणायचे, आणि उद्याही फोन यायचा.

मग एका शुक्रवारी निकेश म्हणाला, "बाबा, मी सुट्टी टाकतो. येऊन स्वतः पाहतो. पगार कापतील त कापू द्या."

यादोरावांचा जीव हरखला आणि त्याच क्षणी धास्तावलाही. पोराला खोट्यापायी एवढ्या लांबून कसं बोलवायचं?

"येऊ नको," ते म्हणाले. "गाडी सरळ झाली. मागच्याच आठवड्यात. तुह्या फिटरचं बरोबर होतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं, त तू रोज फोन कायले केला असता?"

निकेश रागावला नाही. "बरं बाबा," एवढंच म्हणाला. "मंग संक्रांतीले येता येते का पाहतो. इथं कामाचा लोड आहे."

शनिवारी फोन आला नाही. रविवारीही नाही. सोमवारी शेवटची फेरी करून यादोरावांनी जीप तलावाच्या पाळीवर उभी केली. धान कापून झालं होतं, बांध्या मोकळ्या पडल्या होत्या, लांबवर कोणी दिसत नव्हतं. घरी जाऊन दार उघडावंसं वाटेना. त्यांनी फोन काढला आणि निकेशचा नंबर लावला.

"काय झालं बाबा? तब्येत बरी आहे ना?" निकेश घाबरून म्हणाला. मागं बसचा गोंगाट होता.

"काही नाही झालं. असाच लावला."

"असाच?"

"हाव." यादोराव जरा थांबले, मग म्हणाले, "आज लाखांदूरची एक म्हातारी चुकून माह्या गाडीत बसली. फाटा गेल्यावर म्हणते, लाखांदूर कधी येते? परत नेऊन यष्टीत बसवून दिली तिले. रस्ताभर मलेच रागावत होती."

निकेश हसला. थकलेलं हसू होतं, पण हसला. त्याचा स्टॉप आला आणि फोन कटला. यादोरावांनी थोडा वेळ वाट पाहिली. परत फोन आला नाही. अंधार पडत होता, त्यांनी जीप सुरू केली आणि घराकडे वळवली. उद्या आपण फोन लावून काय सांगायचं, हे वाटेत आठवत होते.