रिकामा पूल

काल आमच्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाकडून क्लोरीनचा वास आला आणि मी दोनदा खिडकी लावून पुन्हा उघडली. नव्वदच्या दशकात कुवेतमध्ये मी बंगल्यांचे स्विमिंग पूल सांभाळणाऱ्या कंपनीत सुपरवायझर होतो. थंडी आली की पूल बंद करायचे, म्हणजे पाणी थोडं उतरवून क्लोरीन टाकायचं, वर ताडपत्री ताणायची आणि दर आठवड्याला फेरी मारायची. महबूल्यातल्या समुद्रालगतच्या एका बंगल्यात मला ती फेरी नको होती. "सगळं उपसा," मी म्हणालो. माझ्या हाताखालचे मालवणचे काका मोटरीपाशी थांबले. "सायबानू, दर्या हाकेवर आसा. पाणी ऱ्हवांदे, नायतर खालचा पाणी तळ उचलतला." "काका, ही गावची विहीर नाही," मी हसलो. त्यांनी मोटर लावली. पंधरा दिवसांनी तळ मधोमध फुगला होता आणि फुटक्या निळ्या फरश्यांतून खारं पाणी झिरपत होतं. मॅनेजरने आम्हा दोघांना विचारलं, "पूल खाली किसने किया?" काका माझ्याकडे बघत राहिले. मी ताडपत्रीची दोरी गुंडाळत होतो. "मोटर मैंने चलाया," शेवटी तेच म्हणाले. आठवड्याभरात त्यांचा व्हिसा रद्द झाला. विमानतळावर त्यांना मीच सोडलं. उतरताना म्हणाले, "पुढच्या थंडीत पूल भरलेलोच ठेवा हां." काल खिडकीत राहवेना, म्हणून खाली गेलो. तलाव रिकामा करायचं चाललं होतं. "पूर्ण उपसू नका, तळ उचलेल," मी म्हणालो. "तुम्हाला बरं माहीत!" सेक्रेटरी म्हणाले. "अनुभव आहे," मी म्हणालो. कोणाचा, ते कालही सांगितलं नाही.