गोधडी काढ, ताई

ईशा, निनाद,

शेवटच्या महिन्यांत आबा तुम्हाला फोनच्या पडद्यावरच दिसले, नाकात नळी घातलेले. तुमच्या लक्षात तेवढेच राहू नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

पुसदच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत असे आणि शेजारच्या वर्गात ते भौतिकशास्त्र. खडूच्या आधी सायकलचा पंप हातात घेत. एका मुलानं नळीचं तोंड दाबून धरायचं, दुसऱ्यानं दांडा जोरजोरात दाबायचा, तिसऱ्यानं पंपाच्या बुडाला हात लावायचा.

"काय लागून राह्यलं?"

"गरम, सर!"

"काहून? चूल तं कोठीच नाही!"

हवा दाबायला केलेलं कामच तिच्यात ऊब होऊन बसतं, हे मग मुलंच सांगत. "अन् हवा म्हणजे मिश्रण. नायट्रोजन, ऑक्सिजन, सगळे एका पंपात. पण तापले का सगळ्याइचं तापमान एकच. आपल्या घरासारखं नाही, सासू तापलेली अन् सून थंडगार!" तो हशा माझ्या वर्गात ऐकू येई.

फुप्फुसं थकली तेव्हा घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं. ते खोलीतली हवा दाबून तिच्यातला नायट्रोजन गाळून टाकी. दिवसभर घरघरे. भावाची झोप मोडते म्हणून ताईआजींनी एका दुपारी त्याच्यावर आपली गोधडी पांघरली. थोड्या वेळानं शिट्टी वाजली आणि यंत्र बंद पडलं. मी धावत जाऊन ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर ओढत आणला. आबांचे ओठ निळे पडले होते, बोट मात्र यंत्राकडे होतं.

"गोधडी काढ, ताई... दाबलं का तापतेच... जाऊ दे उष्णता."

सिलिंडर लावल्यावर श्वास सावरला, तशा ताई रडू लागल्या. "मीच मारत होती रे तुले, बापू!"

"तुले काय वाटलं, थंडीनं कुडकुडून राह्यलं ते?" आबा म्हणाले. ताई रडता रडता हसल्या.

तो आठवडा पुरा झाला नाही. सकाळी मी चहा घेऊन गेले. ताई उशाशी होत्या, यंत्र घरघरत होतं. आबांना झोप लागली आहे असं समजून आम्ही दोघी हळू आवाजात बोलत बसलो. चहा निवला. उठवायला हात धरला, तोही निवलेला होता.

यंत्र आता गल्लीतल्या सलमाआपांच्या घरी आहे, त्यांच्या आजारी नवऱ्यासाठी. ताई दुखरे गुडघे घेऊन रोज तिथं जातात. यंत्रावर कुणी काही टाकलं नाही ना ते बघतात, मागून येणाऱ्या गरम वाऱ्यासमोर हात धरतात आणि परत येऊन मला सांगतात, "चालू हाये."

तुमची आजी